दिसणे, नसणे आणि न दिसणे : बालरुग्णांच्या शस्त्रक्रियोत्तर ध्वनिचित्रणाच्या परिभाषेची चिकित्सा

(१)

परिभाषा ही शास्त्राची केवळ बाह्य वेशभूषा होय, अशी समजूत आपल्याकडे बऱ्याच अंशी रूढ आहे. संज्ञा कोणतीही असो, तिचा अर्थ एकदा ठरवून दिला की काम भागते, असे शास्त्रज्ञ म्हणतात. आणि संज्ञा संस्कृत असावी की इंग्रजी, एवढाच वाद घालून भाषेचे अभ्यासकही पुष्कळदा थांबतात. खरा प्रश्न याहून निराळा आहे. दिलेले नाव हे निरीक्षणाचे आहे की निरीक्षणावरून काढलेल्या अनुमानाचे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित क्षेत्राच्या आधारे करावयाचा आहे. लहान मुलांवरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारे उपद्रव ओळखण्यासाठी रुग्णाच्या खाटेशेजारीच केले जाणारे श्राव्यातीत ध्वनिचित्रण, म्हणजे व्यवहारातील 'सोनोग्राफी', हे ते क्षेत्र होय. 'उपद्रव' हा शब्द येथे हेतुपूर्वक योजला आहे. आज रूढ झालेला 'गुंतागुंत' हा शब्द केवळ अवघडपणा सुचवितो. आयुर्वेदातील 'उपद्रव' हा शब्द मूळ व्याधीच्या मागून येणारी दुसरी व्याधी, हा अर्थ नेमकेपणाने सांगतो.

हेच क्षेत्र निवडण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, येथील रुग्ण बोलत नाही. युरोपीय भाषांत शिशुवाचक म्हणून पसरलेला 'इन्फन्स' हा लॅटिन शब्द 'न बोलणारा' याच अर्थाचा आहे. रुग्ण स्वतः सांगतो ते 'लक्षण' आणि वैद्याला आढळते ते 'चिन्ह', असा भेद वैद्यक करते; तान्ह्या मुलाच्या बाबतीत त्यातील पहिला पक्ष जवळजवळ रिकामा असतो. शस्त्रक्रियेनंतर त्याला दम लागला तर तो का लागला हे त्याच्या देहावरील चिन्हांनीच सांगावयाचे, आणि त्या चिन्हांना शब्द द्यावयाचे ते मोठ्या माणसांनी. दुसरे कारण असे की, ही परिभाषा बहुतांशी गेल्या तीन-साडेतीन दशकांतील आहे. ती कशी घडली हे आपण अजून पाहू शकतो, आणि तिच्यातील दोष अजून दुरुस्त होण्याजोगे आहेत. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अधिकारी नव्हे. तेव्हा कोणती चिकित्सा करावी हे सांगण्याचा येथे हेतू नाही. ज्या वाक्यांच्या आधारे ती ठरते, त्या वाक्यांचे परीक्षण मात्र भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारात येते.

(२)

प्रथम या चित्राचे स्वरूप पाहिले पाहिजे. हे यंत्र ध्वनी पाठविते आणि प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून तो किती खोलीवरून आला हे ठरविते. मृदू ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर असतो आणि ध्वनी सरळ जाऊन सरळ परत येतो, हे त्याचे गृहीतक. हृदय, यकृत, मूत्राशय यांच्या बाबतीत ते चालून जाते. फुप्फुसात हवा असते आणि हवेच्या सीमेवरून जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरतो. म्हणून निरोगी फुप्फुसाचे चित्र असे उमटतच नाही. फुप्फुसावरणाच्या तेजस्वी रेषेखाली जे दिसते ते फुप्फुस नसून त्या रेषेचे आणि ध्वनीच्या पुनरावर्तनाचे आभास असतात. यंत्र हा अतिशय भोळा वाचक आहे. उशिरा आलेला प्रत्येक प्रतिध्वनी त्याला खोलवरचाच वाटतो.

म्हणूनच फुप्फुसाची ध्वनिचित्रणाने तपासणी होऊ शकत नाही, असे दीर्घकाळ मानले जात असे. फ्रेंच अतिदक्षतातज्ज्ञ दानिएल लिख्तेनश्टाइन यांनी हे मत उलटविले. आभास निरर्थक नसतात, ते नियमाने येतात, आणि फुप्फुसाची स्थिती पालटली की तेही पालटतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात क्रमाने दाखविले. श्वासाबरोबर फुप्फुसावरणाचे दोन पदर एकमेकांवर सरकताना दिसणे, या 'सरकचिन्हा'वरील त्यांचा प्रबंध १९९५ सालचा. छातीत सुटी हवा साठल्याचे विशिष्ट चिन्ह असलेल्या 'फुप्फुसबिंदू'वरील २००० सालचा. आणि या सर्वांची एकत्र मांडणी करणारी 'ब्लू' पद्धती २००८ सालची. २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने या परिभाषेला बऱ्याच अंशी सर्वमान्य रूप दिले. युरोपातील बालअतिदक्षता व नवजातअतिदक्षता संस्थेच्या कार्यगटाने २०२० साली खास बालरुग्णांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. मुलांची छाती लहान, तिची भिंत पातळ आणि हाडे पूर्ण न घडलेली असतात. त्यामुळे ध्वनीला वाट अधिक सुलभ मिळते. शिवाय क्ष-किरणांचा संसर्ग नसल्याने हीच तपासणी दिवसातून अनेक वेळा करता येते. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा भाग मिटणे, छातीत पाणी किंवा हवा साठणे, श्वासपटल लुळे पडणे, हृदयावरणात द्रव साठून हृदय आवळले जाणे, नसेत घातलेल्या नळीभोवती रक्ताची गुठळी होणे, पोटात पू साठणे, आतड्यात आतडे शिरणे, या सर्वांचा शोध आज खाटेशेजारी घेतला जातो.

(३)

या परिभाषेतील नावांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग अक्षरांचा. फुप्फुसावरणाच्या रेषेची समान अंतरावर उमटणारी आडवी प्रतिबिंबे म्हणजे 'ए-रेषा'. त्याच रेषेपासून निघून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या प्रकाशरेखा म्हणजे 'बी-रेषा'. त्वचेखाली शिरलेल्या हवेमुळे उमटणाऱ्या 'ई-रेषा'. दुसरा वर्ग उपमांचा : वटवाघूळ, समुद्रकिनारा, बारकोड, जेलीफिश, धूमकेतूचे शेपूट. तिसरा वर्ग अशा नावांचा की ज्यांत अनुमान आधीच शिरलेले असते : 'ओले फुप्फुस', 'यकृतीभवन' इत्यादी.

पहिला वर्ग रूक्ष दिसतो, परंतु परिभाषेच्या दृष्टीने तोच सर्वांत निर्दोष आहे. 'बी' या अक्षराला स्वतःचा अर्थ नाही. त्यामुळे 'उजवीकडे खाली बी-रेषा आहेत' एवढे म्हणणारा मनुष्य पाहिले तेवढेच सांगतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाच्या फुप्फुसात बी-रेषा दिसल्या तर त्यांचे कारण शरीरात साठलेला द्रव असू शकते, कृत्रिम रक्ताभिसरणानंतरचा दाह असू शकते, जंतुसंसर्ग असू शकते, किंवा वायुकोशांतील हवा अंशतः कमी झाली असणे हेही असू शकते. अक्षर या चारही शक्यता उघड्या ठेवते. 'ओले फुप्फुस' म्हणताच त्यांतील एक उरते, आणि ऐकणाऱ्याचा हात मूत्रल औषधाकडे वळतो.

दुसऱ्या वर्गाचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे. ही नावे सादृश्यमूलक लक्षणेवर उभी आहेत. सादृश्य नेमके कोणत्या धर्मापुरते आहे हे न सांगितल्यास लक्षणा फसवी होते. 'समुद्रकिनारा' हे उदाहरण घ्या. काळाच्या ओघात एकाच रेषेवर काय घडते ते दाखविणाऱ्या चित्रप्रकारात, निरोगी छातीत वरच्या भागी सरळ आडव्या रेषा आणि खालच्या भागी रवाळ पोत दिसतो. वरचा भाग समुद्राच्या लाटांसारखा आणि खालचा वाळूसारखा, म्हणून हे नाव. आकारापुरते ते सुंदर आहे. परंतु गतीच्या दृष्टीने पाहिल्यास ते नेमके उलटे आहे. लोकव्यवहारात समुद्र हलतो आणि वाळू पडून राहते. या चित्रात 'समुद्र' म्हणजे न हलणारी छातीची भिंत आणि 'वाळू' म्हणजे हलणारे फुप्फुस. कारण स्थिर वस्तूची येथे सरळ रेषा उमटते आणि चल वस्तूचे कण उमटतात. मुद्दा तर फुप्फुस हलते की नाही हाच असतो. उपमा आकारापुरतीच आहे हे जो विद्यार्थी विसरेल, त्याला ती बरोबर विरुद्ध दिशेला नेईल. त्या मानाने 'बारकोड' हे नाव, म्हणजे वरपासून खालपर्यंत केवळ सरळ रेषा, कमी काव्यमय असून अधिक सुरक्षित आहे; त्यात गतीची कल्पनाच नाही.

तिसऱ्या वर्गातील 'यकृतीभवन' या संज्ञेला स्वतःचा इतिहास आहे. न्युमोनियाने मृत झालेल्या रुग्णाचे फुप्फुस यकृतासारखे घट्ट होते, हे विकृतिशास्त्राचे जुने निरीक्षण. ध्वनिचित्रातही हवा गेलेले फुप्फुस यकृतासारखे दिसते, म्हणून तो शब्द येथे आला. परंतु येताना न्युमोनियाला बरोबर घेऊन आला. भूल दिल्यानंतर मुलांच्या फुप्फुसाचा काही भाग मिटणे ही नित्याची गोष्ट आहे. अर्जेंटिनातील अकोस्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ध्वनिचित्रात दिसणारे हे मिटणे चुंबकीय अनुनाद चित्राशी पडताळून पाहिले. मिटलेला भागही यकृतासारखाच दिसतो. त्याला 'यकृतीभवन' म्हणताच जंतुसंसर्गाची शंका विनापुरावा बळावते. फार काय, लहान मुलाच्या छातीत वरच्या पुढील भागी असणारी थायमस ग्रंथी हीदेखील अननुभवी डोळ्याला घट्ट झालेले फुप्फुस वाटू शकते. 'ऊतीसारखा भाग' एवढेच म्हटल्यास या तिन्ही शक्यता जिवंत राहतात.

(४)

हा धोका काल्पनिक नाही, हे छातीच्या परिभाषेच्या पूर्वेतिहासावरून दिसून येते. लाएनेक यांनी १८१६ साली स्टेथॉस्कोपचा शोध लावला आणि १८१९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. छातीतील अधिक आवाजांना त्यांनी 'राल' हा फ्रेंच शब्द दिला. मरणाऱ्या माणसाच्या घशातील घरघरीलाही लोकभाषेत तोच शब्द असल्याने, रुग्ण घाबरू नये म्हणून त्याच्यासमोर त्यांनी 'ऱ्हाँकस' हा पर्यायी शब्द वापरला. म्हणजे मुळात हे दोन शब्द एकाच गोष्टीचे होते : एक ग्रंथातला, दुसरा खाटेशेजारचा. पुढे भाषांतरांतून आणि शिष्यपरंपरेतून इंग्रजीत ते दोन भिन्न आवाजांचे वाचक बनले, आणि कोणता शब्द कोणत्या आवाजाचा याविषयी शतकभर मतभेद चालले. रॉबर्टसन आणि कूप यांनी १९५७ साली 'लॅन्सेट'मधील लेखात हा घोटाळा उघड केला. त्यानंतरच्या दशकांत आवाजाचे केवळ वर्णन करणारी साधी नावे रूढ करण्याचे प्रयत्न झाले. येथे दोन बोध मिळतात. रुग्णाच्या नातलगांसमोर वापरावयाचा शब्द हा परिभाषेच्या बाहेरचा, गौण विषय नव्हे; तोच पुढे परिभाषा बिघडवू शकतो. दुसरे असे की, नावाने निरीक्षण सोडले की दुरुस्तीला फार काळ लागतो.

(५)

आपल्या न्यायशास्त्राने या प्रश्नाचा विचार निराळ्या संदर्भात पूर्वीच केलेला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण जेथे धूर तेथे अग्नी अशी व्याप्ती आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान होत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. साध्य असताना आढळतो आणि साध्य नसतानाही आढळतो, तो हेतू 'अनैकान्तिक'.

सरकचिन्हाला ही कसोटी लावावी. ज्या ठिकाणी फुप्फुसावरण सरकताना दिसते, त्या ठिकाणी भिंत आणि फुप्फुस यांच्यामध्ये सुटी हवा नाही, हे निश्चित म्हणता येते. १९९५ च्या प्रबंधाचे शीर्षकही छातीतील सुट्या हवेची शक्यता 'खोडून काढणारे चिन्ह' एवढाच दावा करते. सरकणे न दिसणे हा मात्र अनैकान्तिक हेतू आहे. सुटी हवा असेल तर ते दिसणार नाही. परंतु श्वास थांबला असेल, पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे फुप्फुस भिंतीला चिकटले असेल, किंवा श्वासनलिकेतील नळी एकाच बाजूच्या शाखेत शिरली असेल, तरीही ते दिसणार नाही. लहान मुलांची श्वासनलिका आखूड असल्याने हा शेवटचा प्रकार त्यांच्यात सहज घडतो. हवेचे निश्चित चिन्ह म्हणजे फुप्फुसबिंदू, जेथे फुप्फुसाची कड श्वासागणिक भिंतीला टेकते आणि मागे सरते. आणि फुप्फुस पूर्ण मिटले असेल तर तोही सापडत नाही. १९९५ आणि २००० या दोन प्रबंधांमधील अंतर म्हणजे 'नाही' सिद्ध करणारे चिन्ह आणि 'आहे' सिद्ध करणारे चिन्ह यांमधील अंतर होय. वॉर्डातील बोलीत ते पुसले जाते. 'सरकत नाही' याचे पाळी बदलताना 'हवा आहे' असे रूपांतर होते, आणि मुलाच्या छातीत नळी घालण्याची तयारी सुरू होते. प्रत्यक्षात श्वासनळी थोडी मागे ओढणे एवढेच कदाचित पुरले असते.

नकाराचा दुसराही प्रकार आहे. एखादी वस्तू न दिसणे यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते? मीमांसक व नैयायिक यांचे उत्तर असे की, ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल तेव्हाच. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. टेबलावर घागर दिसत नाही म्हणून ती नाही, हे उजेडात ठीक, अंधारात नव्हे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या छातीवर वा पोटावर पट्ट्या असतात, नळ्या असतात, त्वचेखाली कधी हवा शिरलेली असते, आतडी वायूने फुगलेली असतात. मिटलेला भाग फुप्फुसाच्या आत खोल असून आवरणापर्यंत पोहोचला नसेल, तर तो या तपासणीत दिसत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयामागे साचलेली गुठळी पुढून पाहिल्यास निसटू शकते. अशा वेळी 'द्रव नाही' हे वाक्य असत्य नसेलही. पण ते अप्रमाण आहे.

(६)

येथे मराठीच्या व्याकरणाकडे वळणे योग्य होईल. हे भेद व्यक्त करण्यास आपली भाषा असमर्थ नाही. उलट तिच्यात ते घडवून ठेवलेले आहेत. 'पाणी दिसते', 'पाणी असावे' आणि 'पाणी आहे' या तीन वाक्यांतील क्रियापदे अनुक्रमे निरीक्षण, अनुमान आणि निश्चय यांची आहेत. नकारातही 'दिसत नाही', 'नसावे' आणि 'नाही' हे तीन आहेत. आणि त्यांखेरीज चौथे, सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे : 'पाहता आले नाही'. मात्र एक सावधगिरी हवी. 'दिसणे' हे क्रियापद कृदन्ताबरोबर आले की मराठीत त्याचा अर्थ पालटतो. 'तो दिसतो' हे प्रत्यक्ष. 'तो आलेला दिसतो' हे त्याच्या चपला पाहून केलेले अनुमान. त्याचप्रमाणे 'पाणी दिसते' हे निरीक्षण आणि 'पाणी झालेले दिसते' हे अनुमान. नोंदीत पहिले रूप असावे.

श्वासपटलाचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत श्वासपटलाच्या नसेला इजा होऊन ते एका बाजूस लुळे पडू शकते, आणि मग कृत्रिम श्वसनयंत्र काढणे अवघड होते. ध्वनिचित्रात लुळे श्वासपटल श्वास आत घेताना खाली जाण्याऐवजी वर जाताना दिसते. परंतु यंत्र चालू असताना त्याच्या दाबानेच श्वासपटल खाली ढकलले जाते, आणि दोष झाकला जातो. इंग्रजीत या दोन्ही स्थितींना एकच क्रियापद चालते. मराठीत 'श्वासपटल हलते' आणि 'श्वासपटल हलवले जाते' ही दोन निराळी वाक्ये आहेत. यंत्रावरील मुलाविषयी पहिले वाक्य लिहिणे म्हणजे व्याकरणाची नव्हे, निदानाची चूक होय. तपासणी कोणत्या स्थितीत केली, हा वाक्याचा अलंकार नसून त्याच्या अर्थाचा भाग आहे.

संज्ञांच्या मराठीकरणाविषयी थोडे लिहिले पाहिजे. 'एक्स-रे'चे 'क्ष-किरण' हे रूपांतर यशस्वी झाले, कारण मूळ अक्षर बीजगणितातील अज्ञात राशीचे होते आणि मराठी बीजगणितात ते स्थान 'क्ष'ला होते. तेथे अक्षराचा अर्थच भाषांतरित झाला. 'ए' आणि 'बी' यांना असा अर्थ नाही. म्हणून 'अ-रेषा', 'ब-रेषा' असे करण्याने काहीही साधत नाही; उलट दूरध्वनीवरून नोंद सांगताना गोंधळ मात्र वाढेल. ती अक्षरे आहेत तशी ठेवावीत. 'सोनोग्राफी' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली झाला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात त्यासंबंधीचा फलक असतो, आणि कोठेही हलविता येणाऱ्या यंत्रांवरही या कायद्याची नोंदणी व बंधने आहेत. त्यामुळे हा शब्द मराठी मनात गर्भारपणाशी जोडला गेला आहे. बाळाच्या छातीची सोनोग्राफी म्हणताच आई गोंधळली, तर तो तिचा अडाणीपणा नव्हे. शब्दाच्या इतिहासाचा तो परिणाम आहे. तिला 'ध्वनिचित्रण' हा शब्दही उपयोगाचा नाही. 'बाळाच्या छातीत उजवीकडे खाली पाणी दिसते आहे. ते कशाचे आहे हे ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही', हे वाक्य तिला कळते, आणि शास्त्रदृष्ट्याही ते पूर्ण खरे आहे. कारण ते पाणी साधे आहे, रक्त आहे की अन्नरसाचा द्रव आहे, याचा निर्णय केवळ चित्रावरून होत नाही.

(७)

यावर असा आक्षेप येईल की, मूल निळे पडत असताना वाक्यरचनेचा विचार करण्यास वेळ कोणाला आहे? आक्षेप अंशतः योग्य आहे. हृदय आवळले जाऊन रक्तदाब कोसळत असेल, तेव्हा निरीक्षण आणि निर्णय यांत क्षणाचे अंतर असते, आणि एकच शब्द पुरेसा असतो. परंतु शस्त्रक्रियोत्तर देखरेखीचा मोठा भाग असा नसतो. तीच छाती सकाळी, दुपारी आणि रात्री निरनिराळी माणसे पाहतात, आणि उपयोग होतो तो या पाहण्यांच्या तुलनेचा. पहिल्याने 'ओले फुप्फुस', दुसऱ्याने 'न्युमोनिया' आणि तिसऱ्याने 'सुधारणा' असे लिहिले, तर तुलना कशाची करावयाची? उलट प्रत्येकाने जागा, दृश्य आणि तपासणीची स्थिती एवढे लिहून अनुमान निराळ्या ओळीत घातले, तर पहिल्या दोन ओळी एकमेकींशी ताडून पाहता येतात आणि अनुमान चुकले तरी निरीक्षण वाचते. २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांत प्रत्येक शिफारशीबरोबर पुराव्याची प्रत स्वतंत्रपणे दिली आहे. ग्रंथात जी शिस्त पाळली जाते तीच खाटेशेजारच्या वाक्यात पाळावी, एवढीच ही मागणी आहे.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदी इंग्रजीत होतात, परंतु पाळी बदलताना, परिचारिकेला सांगताना आणि आईबापांशी बोलताना भाषा मराठीच असते. म्हणजे निरीक्षणाचे अनुमान होण्याची ही वाट पुष्कळदा मराठीतूनच जाते. 'दिसते', 'असावे', 'आहे' आणि 'पाहता आले नाही' या चार क्रियारूपांचा काटेकोर उपयोग शिकविण्यास नव्या कोशाची गरज नाही. भाषाविभाग आणि वैद्यकविभाग यांनी एकत्र बसण्याची आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या वतीने त्याची नोंद बोलत असते. तिने पाहिले तेवढेच सांगावे आणि तर्क केला असेल तेथे तसे म्हणावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.